राधाच्या घरी शेळी का नाही?

चित्रांचं पुस्तक पाच मिनिटांत वाचून संपतं. मग पुढे काय? पाचोडजवळच्या एका छोट्याशा शाळेत या प्रश्नाची भलतीच इण्टरेस्टिंग उत्तरं सापडली...

तुमच्या ऑफिसातही होतच असेल की! वर्षातून एकदा एचआरचा मेल येतो, 'बुक डोनेशन ड्राइव्ह'. पॅण्ट्रीच्या बाजूला मोठ्ठं खोकं ठेवलं जातं. आपण भाचरांची जुनी पुस्तकं नाहीतर ऑनलाइन मागवलेला एखादा संच त्यात टाकतो. मग एका शनिवारी कंपनीचे टी-शर्ट घालून गावाकडच्या शाळेत जायचं, खोकं द्यायचं, पोरांबरोबर फोटो काढायचे, येताना ढाब्यावर मस्तपैकी जेवायचं. सोमवारी सगळ्या ग्रुप्सवर फोटो. फील गुड!

पण बॉस, त्या खोक्याचं पुढे काय होतं?

बऱ्याचदा काहीच होत नाही. पुस्तकं कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं. यात शिक्षकांना व्हिलन ठरवायची घाई करू नका. प्रत्येक पुस्तकाची रजिस्टरमध्ये नोंद असते, फाटलं-हरवलं की उत्तर द्यावं लागतं. पहिली ते चौथीचे वर्ग दोघांनी मिळून सांभाळायचे, वर खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणं, कसले ना कसले सर्व्हे. आणि चित्रांच्या पुस्तकाची आणखी एक पंचाईत. ते असतं बारा-सोळा पानांचं. पानावर दोन ओळी. बाईंनी वाचलं, पोरांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या. खलास. आता?

हा 'आता?' मी गेल्या पावसाळ्यापासून जवळून बघतेय. माझी चुलतबहीण, आमची ताई, पाचोडच्या अलीकडे एका वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मी पुण्यात हिंजवडीला दिवसभर प्रेझेण्टेशन बनवते. महिन्यातून एखादा वीकेण्ड तिच्याकडे जायचं आणि शनिवारी तिच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसायचं, असं माझं चाललंय. (दाजी म्हणतात, तुला पुण्यात मॉल नाहीत का गं?)

पाचोड माहितीये? छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे निघालात, आडूळ मागे टाकलं की साधारण ५० किलोमीटरवर लागतं. तालुका पैठण. दोन्ही बाजूंना कापूस आणि मोसंबीच्या बागा. इथलं मोसंबी मार्केट मराठवाड्यात फेमस आहे. पब्लिक हेल्थमध्ये काम करणाऱ्या मंडळींना पाचोड वेगळ्याच कारणाने ठाऊक असतं, इथल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट'मुळे. बाकीच्यांसाठी ते सोलापूर-धुळे हायवेवरचं चहाचं गाव.

शनिवारच का, तर २०२४ मध्ये राज्य सरकारने शाळांमध्ये 'आनंददायी शनिवार' आणला. दप्तराशिवायचा दिवस. कुठे कवायत होते, कुठे गाणी. ताईच्या वर्गात पुस्तकं उघडतात.

'कशावरून?'

तिच्या कपाटात (कुलूप नाही, दाराला नुसती सुतळी!) सगळ्यात जास्त मळलेली पुस्तकं माधुरी पुरंदरेंची आहेत. 'राधाचं घर' हा संच आणि यशची पुस्तकं, म्हणजे 'मोठी शाळा', 'हात मोडला', 'मुखवटे' वगैरे. लिहिणारी आणि चित्र काढणारी व्यक्ती एकच, त्यामुळे शब्द आणि चित्र एकमेकांच्या पायात येत नाहीत. ज्यांनी पिकासोचं चरित्र लिहिलं, त्याच या. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. राधाच्या संचात घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक आहे. आई, बाबा, आजी, आजोबा... राक्षस नाही, परी नाही, शेवटी तात्पर्य तर नाहीच नाही.

मालिकेचा हाच फायदा, असं ताईचं म्हणणं. एक पुस्तक वाचलं की पोरं राधाला ओळखायला लागतात. दुसऱ्या पुस्तकात ती भेटली की 'आली बघ!' असा गलका होतो. आपण नाही का, सिरियलचा पुढचा सीझन आला की आधीच्या सीझनचे संदर्भ जोडत बसतो, तसं.

पहिल्या शनिवारी मला वाटलं, आता कागद-कात्री निघणार. काहीही नाही! ताईने पुस्तक छातीशी धरलं, चित्र पोरांकडे, आणि सावकाश वाचलं. मग पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात, या वेळी एक शब्दही न वाचता. नुसते प्रश्न, तेही तीनच. "काय चाललंय इथं?" "कशावरून?" "अजून काय दिसतं?"

पंचवीस मिनिटं फक्त हेच. आणि पोरं बोलत होती! 'कशावरून' म्हटलं की पुन्हा चित्रात डोकं घालायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही इथे बोलता येतं, कारण पुरावा चित्रात आहे, अक्षरांत नाही. हा फण्डा ताईचा स्वतःचा नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये काम केलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउझन यांनी चित्रं बघायला शिकवण्यासाठी जवळपास याच तीन प्रश्नांची पद्धत बसवली. ताईला ती एका ट्रेनिंगमध्ये मिळाली. ट्रेनिंगमधलं बाकी सगळं ती विसरली, म्हणते, पण 'कशावरून' तेवढं राहिलं.

आठ पानं, एक कागद

राधाच्या घरातली सगळी माणसं भेटून झाली आणि दुसरीतल्या एका पोराने हात वर केला.

"मॅडम, हिच्या घरी शेळी कामून नाई?"

ताई म्हणाली, "शहरात राहते रे ती."

"मंग दूध?"

"पिशवीतलं."

वर्ग फुटला. पिशवीतलं दूध म्हणजे त्यांच्या लेखी मॅगी नूडल्सचं झाड! मग चर्चा पेटली की घरातली माणसं म्हणजे नेमकं कोण कोण. शेळी धरायची का? पुण्याला चाकणला कंपनीत गेलेला काका धरायचा का? वारलेला आज्जा, ज्याचा फोटो भिंतीवर आहे आणि ज्याला रोज उदबत्ती दाखवतात, तो घरात आहे की नाही? तुम्ही-आम्ही कॉन्फरन्स रूममध्ये बसून इतकं मूलभूत काही कधी बोललोय का?

मग कागद निघाले. प्रत्येकाने आपल्या घराचं पुस्तक करायचं. ही घडी तुम्हीही शिकून घ्या, भाचरांसमोर एकदम हिरो व्हाल. एक ए-फोर कागद लांबीत दुमडा, उघडा. आता रुंदीत दुमडा, त्याच दिशेने आणखी एकदा. उघडलात की आठ चौकोन दिसतील. कागद परत रुंदीत अर्धा करा आणि घडीच्या बाजूने मधल्या रेघेवर पुढच्या घडीपर्यंतच कात्री चालवा. उघडा, लांबीत दुमडा, दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. मधली चीर उघडून अधिकचं चिन्ह होतं, ते मिटलं की पुस्तक तयार. गोंद नको, स्टेपलर नको. पुढचं-मागचं कव्हर सोडून आत सहा पानं. ताईच्या वर्गात पांढरे कागद कमी पडले तेव्हा जुन्या कॅलेंडरच्या पाठी वापरल्या. तिथे पानं मोठी मिळतात आणि आठवड्याचं भविष्य फुकट.

शेळीवाल्याने पहिल्याच पानावर शेळी काढली. आई तिसऱ्या पानावर. मी विचारलं, असं का? तर म्हणाला, शेळी सकाळी आधी उठती.

एकीने सहा पानांत घर बसत नाही म्हणून दुसरा कागद मागितला. तिच्याकडे दोन चुलत्या, सहा चुलतभावंडं आणि एक 'मोठी माय', म्हणजे आजीची जाऊ. एकाने वारलेल्या आज्जाला पान दिलं आणि चित्रात फोटोची फ्रेम काढून तिला हार घातला. आणि गंमत बघा, काढता काढता सगळी उठून राधाच्या पुस्तकांकडे जात होती. हात कसा काढलाय, बसलेला माणूस कसा दाखवलाय, आजीची साडी कशी आहे, हे बघायला. कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. पुस्तकावरून काहीतरी उपक्रम करणं फार सोपं आहे, इंटरनेटवर ढिगाने आयडिया पडल्यात. त्यातली चांगली कोणती, हे ओळखायला मी आता एकच गोष्ट बघते. ती करताना मूल उठून परत पुस्तकाकडे गेलं का?

या कसोटीला बऱ्याच गोष्टी उतरत नाहीत. फोटोकॉपी केलेलं चित्र रंगवा. गाळलेल्या जागा भरा. गोष्टीचं तात्पर्य सांगा (या प्रश्नाने मराठीतल्या जितक्या गोष्टी मारल्यात, तितक्या वाळवीनेही खाल्ल्या नसतील). आणि शहरी प्ले-ग्रुपवाल्यांचा लाडका प्रकार, बाईंनी कापून दिलेले तीस सारखे सुरवंट, पोरांनी फक्त डोळे चिकटवायचे. सोफ्याच्या मागे लावायला छान दिसतात. पण एरिक कार्लचं १९६९ मधलं ते भुकेल्या सुरवंटाचं पुस्तक खरं तर भोकांमध्ये बोट घालून, वार मोजत, पुन्हा पुन्हा उलटायचं पुस्तक आहे. ते उघडायची या सुरवंटांना गरजच पडत नाही.

वरची ओळ, खालची ओळ

आता जरा नाजूक मामला. चित्रं झाली, पण ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं काय? ताई प्रत्येकाजवळ बसते, पोरगं जे बोलेल ते त्याच्यासमोर लिहिते. अगदी जसंच्या तसं. 'माही शेळी लै गुणी हाये.' मग ते पोरगं बोट ठेवून वाचतं. वाचतं म्हणजे काय, त्याला ते पाठच असतं, कारण वाक्य त्याचंच आहे! पण बोट आणि आवाज जुळायला लागतात. चार दिवसांनी 'शेळी' हा शब्द दुसरीकडे दिसला तर ओळखू येतो.

यालाही मोठी परंपरा आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी मुलं जे शब्द मागतील तेच कार्डावर लिहून दिले आणि मुलांची स्वतःची पुस्तकं केली. १९६३ च्या 'टीचर' या पुस्तकात त्यांनी ते सगळं लिहून ठेवलंय. आपल्याकडे फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवनमध्ये मुलांच्या घरच्या बोलीचा मान ठेवत वाचन शिकवायचं काम वर्षानुवर्षं केलं. अमेरिकेतून आलेल्या बाईंनी आपल्याला आपल्याच पोरांची मराठी ऐकायला शिकवावी, यात काय ते समजून घ्या.

पण पालकसभेत एक वडील उठले. म्हणाले, "मॅडम, माही-तुही आम्ही घरी बोलतोच की. शाळेत तरी पुस्तकातलं शिकवा. उद्या कुठं इंटरव्ह्यूला गेलं तर हसतील लोकं."

मला वाटलं, ताई आता भाषण ठोकणार. ती म्हणाली, "दादा, तुमचं बरोबर आहे." आणि तिने खरंच ते मनावर घेतलं. आता पोरांच्या पुस्तकात दोन ओळी असतात. वरची ओळ पोराची, तशीच. खाली त्याच वाक्याची राधाच्या पुस्तकातल्यासारखी ओळ, पोरांनीच ठरवलेली. 'माही माय'च्या खाली 'माझी आई'. पोरांना हा खेळच वाटतो. एकदा तर उलटा खेळ झाला, राधा पाचोडात राहिली असती तर कशी बोलली असती? हसून हसून पुरेवाट.

मी त्या वडिलांच्या बाजूची आहे, हे सांगून टाकते. कंपनीत जॉइन झाले तेव्हा माझ्या 'कामून'वर महिनाभर जोक झाले होते. प्रमाण मराठीने दारं उघडतात, हे ज्यांच्यासाठी ती दारं आधीपासूनच उघडी होती त्यांनी नाकारू नये. पण वरची ओळ पुसून खालची लिहिली असती, तर ते पोरगं बोललंच नसतं, हेही मी मागच्या भिंतीला टेकून बघितलंय.

फोनातली माय

दिवाळीनंतर वर्ग विरळ होतो. पैठण, गेवराई, बीडकडच्या वाड्यावस्त्यांवर हे ठरलेलंच. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिलकडे परततात. जोडप्याच्या या युनिटला एक कोयता म्हणतात. पोरं एकतर बरोबर जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर राहतात. एकेकाळी कारखान्यांवर साखरशाळा चालायच्या, संभाजीनगरच्याच 'जनार्थ' संस्थेने २००० नंतरच्या दशकात त्या चालवल्या होत्या. आता पोरं गावातच थांबवायची यावर जोर आहे.

आजीकडे थांबलेल्यांत दुसरीतली एक मुलगी होती. वर्गात कमी बोलायची, अक्षरं जोडताना अडखळायची. तिचं पुस्तक अर्धवट राहिलेलं. पाच पानं भरली, आईचं पान कोरं. ताईने तगादा लावला नाही. डिसेंबरमधल्या एका शनिवारी तिने आपण होऊन ते पान काढलं. चित्रात एक मोबाइल होता, पानभर मोठा, आणि त्याच्या स्क्रीनमध्ये कुंकू लावलेला चेहरा. वाक्य सांगितलं ते असं, 'माही माय फोनात राहती. पाडव्याला घरी येती.'

ताईने ते लिहिलं. खालची ओळ त्या दिवशी कुणी मागितली नाही.

संध्याकाळी त्या मुलीने आजीच्या फोनवरून आईला अख्खं पुस्तक वाचून दाखवलं, एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरून. सोमवारी शाळेत आली ती तक्रार घेऊनच. आई म्हणाली होती, माह्या हातात कोयता कामून नाई काढला? तिने मोबाइलच्या चौकटीबाहेर जागा करून एक हात काढला आणि त्यात कोयता दिला. मग तेच पुस्तक तिने पहिलीच्या पोरांना वाचून दाखवलं, खिचडीवाल्या मावशींना वाचून दाखवलं, मी गेले तेव्हा मला. चौथ्यांदा की पाचव्यांदा वाचत होती कोण जाणे, अडखळणं जवळपास गेलं होतं.

आकडेवारी हवी असेल तर तीही आहे. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये ५०.५ टक्के होती. कोविडनंतर २०२२ मध्ये ती ४२.८ वर आली. पुढच्या पाहणीत जरा सावरली. म्हणजे ढोबळमानाने अर्धी पोरं पाचवीत येऊनही अडकलेली. एका कागदाच्या पुस्तकाने हे सुटेल, असा दावा ताई करत नाही. मीही करणार नाही. पण वाचायचं ते कुणासाठी, याचं उत्तर त्या मुलीला मिळालं होतं.

यश पाचोडला आला तर?

संक्रांतीनंतर ताईने नवा गिअर टाकला. यशच्या पुस्तकांचा पुढचा भाग पोरांनी करायचा, यश पाचोडच्या बाजाराला येतो. पण पुस्तक नाही करायचं, चित्रकथी करायची.

चित्रकथी म्हणजे काय, हे मलाही ताईकडूनच कळलं. सुट्या कागदांवरची चित्रं, प्रत्येक गोष्टीची वेगळी पोथी. सांगणारा एकेक चित्र उभं धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातली आख्यानं सांगतो. चित्रावर मजकूर असायचं कारण नाही, कारण मजकूर सांगणाऱ्याच्या तोंडी. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने ही कला जिवंत ठेवली आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. आणि इथे कान टवकारा. याच शैलीच्या जुन्या चित्रांना 'पैठण चित्रं' असंही म्हणतात, कारण ती पैठणच्या परिसरात सापडली. पैठण म्हटलं की आपण पैठणीवर थांबतो. त्याच तालुक्यातल्या पोरांच्या परिसराचं नाव चित्र दाखवून गोष्ट सांगायच्या परंपरेशी जोडलेलं आहे, हे त्यांच्या पाठ्यपुस्तकाने त्यांना सांगितलं नव्हतं.

मग काय, कॅलेंडरच्या पाठी पुन्हा निघाल्या. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, अस्सल पोथीत असतात तशी. चार-चार जणांचे गट. एकाने धरायचं, एकाने सांगायचं, दोघांनी तेलाचा डबा आणि ताट बडवायचं. पहिल्या गटाच्या गोष्टीत यश हायवेवर एसटीतून उतरला आणि हरवला. दुसऱ्याच्या गोष्टीत त्याला बैलाने ढुशी दिली. (हात मोडला का? नाही, तो आधीच्या पुस्तकात मोडलाय, अशी दुरुस्ती मागून आली. बघा, मालिका वाचलेली पोरं!) तिसऱ्या गटाने त्याला थेट मोसंबी मार्केटात नेलं आणि लिलाव लावला. एक पोरगा आडत्या झाला, बाकीचे व्यापारी, टनाचे भाव ओरडून फुटायला लागले. अकरा हजार, साडेअकरा, बारा... गणितात ज्याचं हजाराच्या पुढे अडतं, असं ताईने मला सकाळीच सांगितलं होतं, तोच पोरगा बोली चढवत होता.

भाषा, चित्र, नाटक, गणित, सगळं फुल्ल टू मिक्स. टाइमटेबलमध्ये हे नक्की कशात बसवायचं, असा प्रश्न शाळा बघायला आलेल्या एका साहेबांनी विचारला होता म्हणे. ताईने 'सर्व विषय' असं लिहून दिलं.

मग आपण काय करायचं?

हे सगळं वाचून तुम्हाला लगेच टी-शर्ट घालून निघावंसं वाटत असेल तर थोडं थांबा. आधी तुमच्या ओळखीच्या एका शिक्षकाला फोन करा आणि काय हवंय ते विचारा. खोकं भरायचंच असेल तर पन्नास वेगवेगळ्या पुस्तकांऐवजी दहा चांगली पुस्तकं निवडा, प्रत्येकाच्या पाच प्रती. एका प्रतीभोवती तीस पोरं बसली तर मागच्यांना चित्राऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात. संच पूर्ण द्या, सुटा नको. पुरंदरेंचं 'चित्रवाचन' जरूर घ्या, ते तर नुसतं बघण्या-बोलण्यासाठीच आहे. खिसा रिकामा असेल तर 'प्रथम बुक्स'ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीतली चित्रांची पुस्तकं मोफत आहेत, खुल्या परवान्याची. ऑफिसच्या कलर प्रिंटरला यापेक्षा चांगलं काम काय देणार? (अ‍ॅडमिनला विचारून, प्लीज.) आणि खोक्यात पारदर्शक टेपची चार-पाच रिळं टाकाच. ताईच्या वर्गात 'पुस्तकांचा दवाखाना' आहे. फाटलेलं पुस्तक आलं की चौथीचे डॉक्टर त्याला पट्टी लावतात. फाटण्याची भीती गेली आणि कपाटाची सुतळी आली, ती या दवाखान्यानंतर.

आणि प्रत्यक्ष गेलातच, तर फोन खिशात ठेवून एक पुस्तक दोनदा वाचा. दुसऱ्यांदा फक्त 'कशावरून?' विचारा.

या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ताईने पोरांची सगळी पुस्तकं ग्रंथालयाच्या रजिस्टरमध्ये चढवली. राधाच्या संचाच्या खालीच, रीतसर नंबर देऊन, लेखकाच्या रकान्यात पोरांची नावं, किमतीच्या रकान्यात एक आडवी रेघ. घरी न्यायची परवानगी सगळ्यांना. फोनातल्या मायचं पुस्तक पाडव्यानंतर चार दिवस वस्तीवर फिरत होतं, मग परत आलं. शेळीचं पुस्तक नेणाऱ्यांची रांग सगळ्यात मोठी. सध्या ते पहिलीतल्या एका बाईसाहेबांकडे आहे. तीन आठवडे झाले, अजून परत केलेलं नाही.